वई दरवर्षी नवी कशाला?

भात कापून झालं की आपल्या अंबरनाथ तालुक्यात गुरं मोकळी सुटतात. ही रीत आजची नाही. पूर्वी ती चालून जायची, कारण भातानंतर खाचरात राखण्यासारखं फारसं काही नसायचं. आता वांगणीपासून चामटोलीपर्यंत ज्याच्याकडे विहिरीचं किंवा नदीचं थोडंबहुत पाणी आहे तो भेंडी लावतो, काकडी लावतो, ओलीवर वाल पेरतो. गुरांनी मात्र आपली जुनी रीत सोडलेली नाही. त्यामुळे आपल्याकडे दुसरं पीक घ्यायचं की नाही, हे पाण्याइतकंच वईवर ठरतं. पाणी आहे, बियाणं आहे, घरात माणसं आहेत, पण वई मोडली म्हणून जमीन उन्हाळ्यापर्यंत पडून, अशी खाचरं दर हिवाळ्यात दिसतात.

आणि वई मोडते कशी? गुरं ती मोडत नाहीत, ती आधीच मोडलेली असते. म्हशीने नुसतं अंग घासलं तरी डांब जमिनीलगत कट्‌कन तुटतो. हातात घेऊन बघा. वरचं लाकूड ठणठणीत, खाली पुरलेला बुडखाही बऱ्यापैकी, आणि मध्ये जमिनीच्या रेषेवर वीतभर भाग भुसा झालेला. मग आपण काय करतो? कोयता घेऊन रानात जातो, चार फाट्या तोडतो, त्याच खड्ड्यात ठोकतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो ते माणसांबद्दल. इथे तर ते अक्षरशः खरं आहे.

जरा हिशेब करू. एक एकर चौकोनी शेत धरलं तर बाजू साधारण २०९ फूट, म्हणजे घेर ८३५ फूट. सात सात फुटांवर डांब रोवला तर १२० डांब लागले. डांब दोन वर्षं टिकणारा असेल तर वर्षाला ६० डांब बदलायचे. तोच आठ वर्षं टिकला तर वर्षाला १५. हा फरक नुसत्या लाकडाचा नाही. साठ खड्डे उकरण्याची मजुरी, तोडणी, वाहतूक, आणि ऐन भेंडीच्या हंगामात घरच्या माणसाचे फुकट गेलेले दिवस, हे सगळं त्यात आलं. शिवाय मलंगगडाच्या आणि बारवीच्या बाजूच्या रानातून दरसाल जे जातं त्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

लाकूड जमिनीच्या रेषेवरच का कुजतं, हे एकदा समजलं की अर्धा उपाय तिथेच सापडतो. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते आणि हवा लागते. खोल जमिनीत ओल आहे पण हवा कमी. वर हवा आहे पण ऊन-वाऱ्याने लाकूड सुकतं. जमिनीच्या तोंडाशी दोन्ही एकत्र मिळतात. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे बुरशीला जून ते ऑक्टोबर जेवणावळच. पाऊस संपला की वाळवी येते. तिला कुजकं, मऊ झालेलं लाकूड आयतं मिळतं. म्हणून नुसती वाळवी मारून भागत नाही. बरेच जण वाळवी दिसली की खड्ड्यात पावडर टाकतात आणि ओल तशीच राहू देतात. जुन्या माणसांच्या डोक्यात अजून बीएचसी पावडर आहे. तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे, आणि ती का आली हे भाजी पिकवणाऱ्याने तरी विसरू नये.

आता लाकूड कोणतं घ्यावं. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने वर्षानुवर्षं निरनिराळ्या लाकडांचे छोटे खुंट अर्धे जमिनीत पुरून ते किती टिकतात हे पाहिलं आहे. त्यावरून आपल्याकडे लाकडाचे तीन वर्ग धरतात. पहिला १० वर्षं किंवा जास्त टिकणारा, दुसरा ५ ते १० वर्षांचा, तिसरा ५ वर्षांच्या आतला. सागाचा आणि खैराचा गाभा पहिल्या वर्गातला. आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गातली. अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना होता, हे जुन्या लोकांना आठवत असेल. काडीला सावरीचं लाकूड चांगलं, कारण ते मऊ, हलकं, सरळ चिरणारं. नेमकं तेच कुंपणाला वाईट.

इथे 'गाभा' हा शब्द नीट वाचा. साग म्हणजे साग, असं नाही. सागाचा तीन-चार इंची वासा घेतला तर त्यात बाहेरचं पांढरं लाकूडच जास्त असतं, आणि ते आंब्यासारखंच लवकर जातं. "सागाचा डांब दोन वर्षांत गेला, आता सागही पूर्वीसारखा राहिला नाही" अशी तक्रार ऐकायला येते. साग तोच आहे, वासा कोवळा आहे. निलगिरी आणि सुरूच्या बल्ल्यांचंही तेच. मात्र या पांढऱ्या लाकडाचा एक गुण आहे. औषध शोषून घेतं ते हेच, गाभा औषध पिऊ देत नाही. म्हणून औषध लावून वापरायचं असेल तर गोल बल्ली चांगली, आणि औषधाशिवाय वापरायचं असेल तर जुन्या झाडाचा चिरलेला गाभा चांगला. या दोन्हींची गल्लत झाली की पैसे पाण्यात.

औद्योगिक वसाहत जवळ असल्याने आपल्याकडे आणखी एक लाकूड स्वस्तात मिळतं, ते म्हणजे यंत्रांच्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या. उल्हासनगर-अंबरनाथच्या भंगारवाल्यांकडे ढीग लागलेले असतात. यातलं बरंचसं परदेशी पाइन, म्हणजे तिसऱ्या वर्गातलं. फळीवर गव्हाच्या कणसासारखा शिक्का असतो आणि पुढे 'एचटी' किंवा 'एमबी' अशी अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून आतली कीड मारली आहे. विकणारा सांगतो, "साहेब, ट्रीटमेंट केलेलं लाकूड आहे." खरं आहे, पण ती ट्रीटमेंट बंदरातून कीड जाऊ नये म्हणून केलेली असते, जमिनीत टिकावं म्हणून नव्हे. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं. ते घेऊच नका. 'एचटी' फळ्या आडव्या पट्ट्यांना घ्या, जमिनीपासून वीतभर वर ठेवा, चालतील. खुंट म्हणून पुरू नका.

तोडीच्या परवानगीचा विषय सरपंच, तलाठी मंडळींसाठी. स्वतःच्या बांधावरचा साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ तोडायलाही १९६४ च्या झाडे तोडण्याबाबतच्या कायद्याखाली परवानगी लागते, आणि नगरपरिषदेच्या हद्दीत गेलेल्या गावांना १९७५ चा शहरी झाडांचा कायदा लागतो. आपल्याकडे कित्येक गावांत घर एका हद्दीत आणि शेत दुसऱ्या हद्दीत, त्यामुळे लोक गोंधळतात आणि मग विचारतच नाहीत. बांबूचं मात्र सोपं झालं आहे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. स्वतःच्या बेटातला बांबू तोडताना घाबरायचं कारण उरलेलं नाही.

तर लाकूड आणलं. पहिलं काम त्याची साल काढणं. सालीखाली ओल राहते आणि किड्यांना घर मिळतं. दुसरं काम वाळवणं, आणि इथेच आपण सर्वांत जास्त घाई करतो. ओल्या लाकडाला डांबर फासणं म्हणजे ओल आत कोंडून बाहेरून दार लावणं. वरून काळं कुळकुळीत दिसतं आणि आतून कुजत जातं. थंडीत तोडा, सावलीत दगडांवर आडवं रचा, मध्ये पट्ट्या घालून वारा खेळू द्या, आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात, लाकूड खडखडीत झाल्यावर डांबराला हात घाला. कोलटार गरम करून पातळ करा, बुडख्याच्या कापावर आधी भरपूर लावा. पाणी सर्वांत जास्त त्या कापातूनच चढतं. मग जमिनीत जाणारा सगळा भाग आणि जमिनीच्या वर किमान वीतभर, असे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. डांबर चुलीवर थेट जाळावर ठेवू नका, पेट घेतं.

बुडखा जाळून काळा करायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तिची मी टिंगल करणार नाही, पण तिच्यावर भिस्तही ठेवू नका. वरचा कोळसा कुजत नाही हे खरं, पण तो थर पातळ असतो, त्याला भेगा पडतात आणि भेगेतून पाणी आत शिरतं. जाळायचंच असेल तर जाळून, खरवडून, वर डांबर लावा.

जळकं ऑईल हा मोठा रोग झाला आहे. गॅरेजमधून फुकट किंवा नाममात्र मिळतं म्हणून डब्बे भरून आणतात. ते लाकडात खोल जात नाही, पहिल्या दोन पावसांत बरंचसं धुऊन जातं, आणि त्यातले जड धातू शेतात, विहिरीत उतरतात. त्याहून वाईट म्हणजे कारखान्याकडून आलेलं, नाव-गाव नसलेलं द्रावण. "वास बघा, कीड फिरकणार नाही," असं सांगून ड्रमच्या ड्रम दिले जातात. उल्हासनगरात नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी वालधुनीत रसायन ओतलं आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. असलं रसायन डांबाला लावून भेंडीच्या कडेला पुरणाऱ्याने आपण काय करतो आहोत याचा विचार करावा. ज्या ड्रमवर नाव वाचता येत नाही तो ड्रम शेतात आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरं औषध कोणतं? तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण देहरादूनलाच सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३३ च्या सुमारास शोधलं. ते जगभर वापरलं गेलं आणि लाकूड टिकवण्यात त्याला तोड नाही. पण त्यात विष आहे, म्हणून अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडातून ते काढून टाकलं. दाबाच्या टाकीत कारखान्यात औषध पाजलेला डांब विकत घेणं वेगळं, आणि अंगणात पिंपात बायकोमुलांच्या देखत ही औषधं कालवणं वेगळं. दुसरी गोष्ट करू नका. अशा लाकडाचे तुकडे चुलीतही घालू नका, धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

बांबूला मात्र घरी करण्यासारखा उपाय आहे. बांबू न मुरवता जमिनीत पुरला तर एक ते तीन वर्षांत संपतो. तीन वर्षांच्या वरचा, पक्का बांबू निवडा, कोवळा हिरवागार नको. पावसाळ्यात तोडू नका. तेव्हा त्यात पिष्ट जास्त असतं आणि भुंगा त्यावरच येतो. वडीलधारी माणसं थंडीत आणि अंधाऱ्या पंधरवड्यात तोडा म्हणतात. त्यातला थंडीचा भाग तरी पक्का लक्षात ठेवा. तोडल्यावर वाहत्या ओढ्यात तीन-चार आठवडे दगडाखाली दाबून ठेवला तर पिष्ट बरंच निघून जातं. याला पैसा लागत नाही. त्याहून चांगलं म्हणजे बोरिक आम्ल आणि बोरॅक्सचं पाणी. १०० लिटर पाण्याला २ किलो बोरिक आम्ल आणि ३ किलो बोरॅक्स. पेरांना आतून भोकं पाडून किंवा कांबट्या चिरून आठवडाभर बुडवा, मग सावलीत वाळवा. पण हे औषध पाण्यात विरघळतं तसं पावसात धुऊनही जातं. म्हणून ते आडव्या कांबट्यांना द्या आणि वर तेलाचा हात मारा. जमिनीत पुरायच्या बुडख्याला त्याच्यावर सोडून चालणार नाही. कारवीच्या काठ्यांचंही असंच. ठाकर-कातकरी बांधव कारवीचा कूड किती सुबक विणतात हे तुम्ही पाहिलंच आहे. तो कूड जमिनीला टेकू न देता दोन बोटं वर बांधा, काय फरक पडतो ते बघा.

खड्ड्याबद्दल थोडक्यात. दोन फूट खोल, तळाला चार-सहा इंच खडी, म्हणजे बुडख्याखाली पाणी साचत नाही. भरताना खाचराची चिकट माती न घालता मुरूम घाला, पहारीने थराथराने ठोका, आणि तोंडाशी उंचवटा करा, पाणी डांबापासून दूर वाहिलं पाहिजे. सिमेंट ओतणारे नेमकं उलटं करतात. डांबाभोवती वाटीसारखा खोलगट भाग राहतो, त्यात पाणी साचतं आणि सिमेंट असूनही डांब दोन वर्षांत जातो. ज्याला परवडेल त्याने जमिनीत सिमेंटचा आखूड खुंटा पुरावा आणि त्याला वरून लाकूड बोल्टने जोडावं, लाकूड जमिनीच्या दोन-तीन इंच वर. मोडलेल्या सिमेंटच्या खांबांचे तुकडेही चालतात. मग त्या वितीभर भागाचं भांडणच मिटतं. डांबाचं टोक तिरपं कापा. खिळे जस्ताच्या मुलाम्याचे घ्या, खैर-बाभळीच्या तुरट लाकडात साधा खिळा लवकर गंजतो.

एवढं करून विसरून जाऊ नका. दर दोन वर्षांनी, मे महिन्यात, डांबाभोवती सहा इंच माती उकरा, लाकूड खरवडा, दोन दिवस ऊन खाऊ द्या, डांबर लावा, माती लोटा. एका माणसाचं काम आहे. भाताचा पेंढा वईला टेकवून रचू नका. आणि फेब्रुवारीत वईच्या दोन्ही बाजूंचं गवत काढा. आठ वर्षांच्या बेताने केलेली वई एका वणव्यात एका दुपारी जाते, मग डांबर लावलेलं असो नाहीतर नसो. उलट जास्त भडकते.

उल्हास नदीकाठच्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला हवं. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली ते सगळ्या देशाने पाहिलं. अशा पुरात दाट विणलेली वई म्हणजे बंधाराच. गाळ-कचरा अडतो, दाब वाढतो आणि सगळी रांग उपटून जाते. नदीच्या बाजूचे कूड जूनमध्ये सोडून घरात ठेवता येतील असे बांधा आणि पिकाच्या वेळी परत लावा. तेवढीच त्यांना कोरडी विश्रांती.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि तो सरपंच-ग्रामसेवकांनी ऐकावा असा आहे. वर एका एकराला १२० डांब सांगितले. चार शेजाऱ्यांनी आपापला एकर स्वतंत्र कुंपला तर लांबी होते ३३४० फूट, डांब ४७७. तेच चार एकर एकत्र धरून बाहेरून एकच वई घातली तर १६७० फूट, २३९ डांब. बरोबर निम्मे. कुठलंही औषध एवढी बचत करत नाही. सबंध शिवार एकत्र आलं तर बचत याहून मोठी. मग होत का नाही? भाऊबंदकी हे एक कारण, पण आपल्या भागात दुसरं कारण त्याहून मोठं झालं आहे. मधले तुकडे शहरातल्या लोकांनी घेऊन ठेवले आहेत. मालक वर्षातून एकदा येतो, जमीन उघडी, आणि सगळ्या रांगेची गुरं त्या खिंडीतून आत. तुमची वई सागाची असली तरी काय उपयोग? अशा मालकांना ग्रामपंचायतीने पत्र लिहावं, सामाईक वईचा त्यांचा हिस्सा मागावा. मागितल्यावर काही जण देतात. न मागता कुणीच देणार नाही. कोंडवाडे ओस पडले आहेत तेही पुन्हा चालू करता येतील.

पण सामाईक वई घालण्याआधी सरकारी मोजणी करून घ्या. वई म्हणजे हद्दीचा पुरावा नव्हे. डांब कुजला की नवा डांब हातभर इकडे किंवा तिकडे रोवला जातो, आणि दहा वर्षांत बांध सरकतो. कुंपणावरून माणसं किती पेटतात हे नेवाळीला २०१७ च्या जूनमध्ये दिसलंच, तिथला वाद कितीही वेगळा आणि मोठा असला तरी.

आणि सर्वांत जास्त टिकणारा डांब कोणता विचाराल, तर जिवंत डांब. गिरीपुष्प, ज्याला काही जण उंदीरमारी म्हणतात, पांगारा, शेवगा, यांच्या मनगटाएवढ्या फांद्या रोवल्या की त्या फुटतात. जिवंत लाकडाला बुरशी आणि वाळवी सहसा हात लावत नाहीत. सावंत साहेबांच्या चारसूत्री भात लागवडीत गिरीपुष्पाचा हिरवा पाला गुंठ्याला ३० किलो चिखलात गाडायला सांगितला आहे, तो पाला ही वईच देते. गुरं तो वासामुळे फारसा खात नाहीत. म्हणजे आज मेलेले डांब नीट डांबर लावून रोवा आणि प्रत्येक दोन डांबांच्या मध्ये एक गिरीपुष्पाची फांदी लावा. मेलेला डांब जाईपर्यंत जिवंत डांब त्याची जागा घेईल. तार मात्र थेट झाडाला ठोकू नका, सालीत रुतते. मध्ये फळीचा तुकडा घाला.

फांद्या मे अखेर तोडाव्यात, पाच-सहा फुटांच्या, खालचं टोक तिरपं, वरच्या कापाला शेण लावून चार दिवस सावलीत उभ्या ठेवाव्यात. मृगाचा पाऊस नीट झाला, जमीन दीड वीत भिजली, की पहारीने भोक पाडून फूट-दीड फूट खोल रोवाव्यात. पहिलं वर्षभर शेळ्या आत येऊ देऊ नका.